वाचता येत नाही, की भाषाच नवी आहे? (कोकणातल्या वर्गांतली अनेक भाषांची मुलं)

राजापूरची_बाई

जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्याकडे आहे. पट लहान, पण भाषा पुष्कळ. गावातली मुलं घरी आपली बोली बोलतात. मोहल्ल्यातल्या मुलींच्या घरी मुसलमानी कोकणी. चिरेखाणीवर विजापूरकडची कुटुंबं आली आहेत, त्यांच्याकडे कन्नड. आंब्याच्या बागेत राखणीला असलेल्या नेपाळी जोडप्याची मुलगीही यंदा दाखल झाली. शाळेची भाषा प्रमाण मराठी, जोडीला पहिलीपासून इंग्रजी.

तिसरीतल्या दोन मुलांचं वाचन अडलंय. एक खाणीवरचा, कन्नड बोलणारा. दुसरा गावातलाच, पिढ्यान्‌पिढ्या इथला. दोघंही सुटी अक्षरं ओळखतात, शब्द लावताना थांबतात, जोडाक्षर आलं की पुस्तक खाली ठेवतात. पहिल्याबद्दल सगळे म्हणतात, "त्याला मराठी येत नाही, शिकेल हळूहळू." दुसऱ्याबद्दल म्हणतात, "आळशी आहे, घरी कोणी बघत नाही." दोन्ही निकाल न तपासता दिलेले आहेत. पहिल्याला खरोखर वाचनाची अडचण असेल तर "शिकेल हळूहळू" म्हणता म्हणता तो पाचवीत जाईल. दुसऱ्याला असेल तर तोवर त्याच्या वाट्याला नुसती बोलणी येतील.

विचारायचं आहे ते असं. नव्या भाषेमुळे होणारा त्रास आणि डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता यांतला फरक वर्गात कसा ओळखायचा? तज्ज्ञांकडे नंबर लागेपर्यंत उद्यापासून काय करायचं? आणि पालकांना "घरी शुद्ध मराठी बोला" असं सांगावं का? सांगू नये असं माझं ठाम मत आहे, पण पालकसभेत नुसत्या मताने भागत नाही.

निळी_होडी

बाई, मी फिरती विशेष शिक्षिका आहे. हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक केंद्रात विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कान आणि डोळे तपासून घ्या. पावसाळ्यात कान फुटलेली कितीतरी मुलं आपल्याकडे असतात. कानात पाणी साचलं की 'प' आणि 'ब' सारखेच ऐकू येतात आणि आपण मात्र डिस्लेक्सियाच्या शोधात निघतो.

मग बघायचं ते हे, की अडचण मुलाच्या सगळ्या भाषांत दिसते का. अध्ययन अक्षमता मराठीपुरती किंवा इंग्रजीपुरती नसते. ध्वनी आणि शब्द हाताळण्यातलीच ती अडचण आहे, त्यामुळे मूल जी भाषा बोलेल तिच्यात ती डोकावते. तुमच्या कन्नड मुलाला कन्नडमध्ये बोलतं करा. घरून निघाल्यापासून शाळेत पोचेपर्यंत काय काय दिसलं, एवढंच विचारा. तुम्हाला कन्नड येत नसेल तर त्याची मोठी बहीण किंवा खाणीवरचा मुकादम जवळ बसवा. तो क्रमाने, भरभरून सांगतोय का? बहिणीला विचारा, हा बोलायला कधी लागला? इतर भावंडांइतकं बोलतो का? कन्नडमध्येही वाक्यं तोकडी असतील, शब्द सापडत नसतील, तर शंका घ्यायला जागा आहे.

पण इथे थांबू नका. डिस्लेक्सिया असलेली पुष्कळ मुलं बोलण्यात पटाईत असतात. त्यांची अडचण शब्दाचे तुकडे करण्यात असते. त्यासाठी पुस्तक लागत नाही, खेळ पुरतात. शब्द म्हणत अक्षरागणिक टाळी वाजवायला लावा. 'कमळ'मधला 'क' काढला तर काय उरलं, असं विचारा. कुठल्याच भाषेत नसलेले 'टपिलू', 'गोमरडी' असे शब्द एकदा म्हणून तस्सेच परत म्हणायला सांगा. ओळखीच्या पाचसहा वस्तूंची चित्रं उलटसुलट क्रमाने मांडून भरभर नावं घ्यायला लावा. हे सगळं घरच्या भाषेत. मूल तिथेही अडखळलं तर ती अडचण भाषेच्या नवेपणाची नाही.

घरात कोणी "वाचायला जमलं नाही" म्हणून शाळा सोडली होती का, हेही हळूच विचारा. ही अडचण घराण्यात चालत येते.

पालकसभेसाठी: दोन भाषांमुळे अध्ययन अक्षमता होत नाही. भाषाविकासाची अडचण असलेल्या मुलांवर जगभर अभ्यास झाले आहेत. त्यांत दोन भाषांत वाढणारी मुलं त्याच अडचणीच्या एकभाषी मुलांपेक्षा मागे पडलेली दिसत नाहीत. उलट आईला न येणाऱ्या भाषेत बोलायला लावलं तर घरातलं बोलणंच आटतं. गोष्टी, रागावणं, लाडीगोडी, सगळं चार वाक्यांवर येतं. ज्या मुलाला भाषेची आधीच चणचण, त्याच्यापुढची भाषा अशी आणखी आटवायची का?

मिरगाचो_पावस

निळी_होडी ताईंनी शेवटी लिवल्यानी ता आमच्या घरात घडला हा. बाकीच्यांक कळाक व्हया म्हणान फुडचा मराठीत लिवतंय.

मुलगा पहिलीत असताना शाळेतून निरोप आला, घरात मालवणी बंद करा. बायकोने आणि मी मनावर घेतलं. माझ्या आईला प्रमाण मराठी समजतं, पण तोंडात बसत नाही. ती नातवाला रात्री गजाली सांगायची. ते बंद झालं. जेवताना "भात वाढू का" आणि "अभ्यास झाला का" एवढंच बोलणं उरलं. मुलाचं वाचन तसूभर सुधारलं नाही. पुढे कुडाळला एका वाचा उपचारतज्ज्ञ बाईंनी त्याला तपासलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, आजीशी कुठल्या भाषेत बोलतोस? तो गप्प बसला. दुसऱ्या खेपेला त्यांनी आईलाच बोलावून घेतलं आणि दोघांना बोलत बसवलं.

त्यांनी माशांची चित्रं पुढे ठेवली. आमचं घर रापणीवरचं (किनाऱ्यावरून जाळं ओढून मासेमारी करणारं), मुलगा चालायला लागल्यापासून वाळूत. बांगडा बघून तो म्हणाला, "ह्यो... ह्यो कायतो... रापणीत गावता तो..." सौंदाळा बघूनही तेच. मासा कुठे मिळतो, कसा साफ करायचा, आजी त्याचं काय करते, सगळं सांगितलं. नाव मात्र ओठावर येईना. आई म्हणाली, "असाच करता तो, लहान असल्यापासून." मराठीच्या नावाखाली इतके दिवस झाकलं गेलेलं ते मालवणीत लख्ख दिसलं.

आता घरात मालवणीच चालू आसा.

आगरी_पोर_उरण

लिहिण्यातल्या चुकांबद्दल एक भर घालते. आमच्याकडे 'ड'चा 'र' होतो, 'ळ'चा 'ल', 'ण'चा 'न'. घोडा म्हणजे घोरा, डोळा म्हणजे डोला, पाणी म्हणजे पानी. मूल वहीत 'घोरा' लिहितं तेव्हा ते कानाला जे ऐकू येतं तेच प्रामाणिकपणे लिहीत असतं. शिक्षक बाहेरचे असले की लाल शाईने वही भरते आणि 'शुद्धलेखन अत्यंत कच्चे' असा शेरा पडतो.

वही तपासताना मी चुकीत शिस्त आहे का ते बघते. 'घोरा', 'गारी', 'परला' असं सगळीकडे एकाच नियमाने येत असेल तर ती बोली आहे. त्याला प्रमाण रूप शेजारी लिहून दाखवायचं, दोन्ही म्हणून घ्यायची, विषय मिटतो. पण एकाच पानावर 'घोडा'चं एकदा 'धोडा', एकदा 'घडो', एकदा 'घोड' झालेलं दिसलं, मात्रा कधी डावीकडे कधी गायब, तर थांबून बघावं लागतं.

राजापूरची_बाई

@आगरी_पोर_उरण, हे वाचून लगेच वह्या काढल्या. कन्नड मुलाच्या वहीत 'खूप'चं 'कूप', 'भाजी'चं 'बाजी', 'घर'चं 'गर'. सगळीकडे तेच.

निळी_होडी

अगदी अपेक्षित. उत्तर कर्नाटकातल्या रोजच्या बोलण्यात ख, घ, भ यांतला हकार फारसा ऐकू येत नाही. त्याच्या कानाला 'क' आणि 'ख' हे वेगळे घर नाहीत अजून. तळहात तोंडासमोर धरून 'क' आणि 'ख' म्हणायला लावा, 'ख'ला हवेचा झोत हाताला लागतो. लिंगाच्या चुकाही येतील, 'माझा वही', 'तो खुर्ची'. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं तो-ती-ते नसतं. त्या चुकांवर अक्षमतेचा शिक्का मारू नका.

निवृत्त_हेडमास्तर

मंडळी, राग मानू नका. मी चाळीसेक वर्षांपूर्वी संगमेश्वर तालुक्यात नोकरीला लागलो. तेव्हाही वर्गात सतरा बोली होत्या. आम्ही परवचा घेत होतो, पाढे घेत होतो, सुलेखन घेत होतो आणि मुलं वाचती होत होती. हल्ली प्रत्येक मागे पडलेल्या मुलाला नाव द्यायची घाई दिसते. एकदा नाव चिकटलं की पालक सोडून देतात, शिक्षकही सोडून देतात. मेहनत आणि सराव यांना दुसरा पर्याय मला दिसत नाही.

भरती_ओहोटी

गुरुजी, आदर राखून सांगतो. ज्यांना वाचता आलं नाही ती मुलं तुम्हाला वर्गात दिसली नाहीत, कारण चौथीनंतर ती वर्गात नव्हतीच. माझा मोठा काका त्यांतला. होडीवर गेला, उत्तम तांडेल (होडीचा प्रमुख) झाला, पण डिझेलच्या बिलावर काय लिहिलंय ते आयुष्यभर दुसऱ्याला विचारत राहिला. त्याच्या अंगावर छडीचे वळ होते, सरावाची कमतरता नव्हती.

निळी_होडी

गुरुजींच्या बोलण्यातला परवचा मला टाकवत नाही. लयीत, मोठ्याने, सगळ्यांनी मिळून म्हणणं या मुलांना खरोखर मदत करतं. अडतं ते त्यानंतर एकेकाला उभं करून वाचायला लावतो तिथे. आणि नावाबद्दल: शिक्का वाईट हे खरं. पण नाव नसतं तेव्हा मूल स्वतःच स्वतःला नाव देतं, आणि ते 'ढ' असतं.

निवृत्त_हेडमास्तर

भरती_ओहोटी, तुमच्या काकांबद्दल वाचून मला एक विद्यार्थी आठवला. धडा वाचता येत नसे, पण गावच्या दशावतारात उभा राहिला की संवादांची रास. दशावतारात संहिता नसते, पात्राला ऐनवेळी सुचेल ते बोलायचं असतं. त्या मुलाला आम्ही वर्गात 'मठ्ठ' म्हणत होतो आणि रात्री त्याचाच खेळ बघायला जात होतो. या बाई जे करताहेत ते चालू ठेवा. तोंडी परीक्षा जास्तीत जास्त घ्या, एवढं मी नक्की म्हणेन.

दाभोळखाडी_उर्दू

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या मुलांचं गणित आणखी वेगळं. घरी कोकणी. सकाळी मक्तबमध्ये अरबी कुराणपठण, त्यात प्रत्येक अक्षरावर जेर-जबर दिलेले, म्हणजे स्वर लिहिलेला. शाळेत उर्दू, तीच लिपी वाटते पण ऱ्हस्व स्वर लिहितच नाहीत, शब्द माहीत असेल तरच वाचता येतो. शिवाय उजवीकडून डावीकडे. मग मराठी आणि इंग्रजी डावीकडून उजवीकडे. बे, पे, ते, से यांत फरक फक्त नुक्त्यांचा.

एक मुलगी मक्तबमध्ये बऱ्यापैकी वाचते आणि उर्दूच्या तासाला गळपटते. आधी आम्हाला वाटलं शाळेचा कंटाळा. नीट बघितल्यावर कळलं की तिथे कुराणातल्या आयती (वचनं) पाठ आहेत आणि स्वर समोर लिहिलेले आहेत. उर्दूत दोन्ही आधार जातात. मी उर्दूच्या धड्यावर पेन्सिलीने जेर-जबर घालून दिले तर ती वाचते, सावकाश का होईना. मराठीत तिचं त्यामानाने बरं चालतं. मग हिला डिस्लेक्सिया म्हणायचं का? एका भाषेत जास्त आणि एकीत कमी असं असू शकतं?

निळी_होडी

असतं, आणि ताईंनी फार मोलाचं निरीक्षण लिहिलंय. मूळ अडचण एकच असली तरी प्रत्येक लिपी तिला वेगळ्या जागी उघडी पाडते. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ आहे, म्हणून डिस्लेक्सियाचं मूल मराठीत पुष्कळदा बरोबर वाचतं, पण फार हळू. एक ओळ संपेपर्यंत पहिला शब्द विसरलेलं असतं. इंग्रजीत 'बट' आणि 'पुट' एकाच स्वराक्षराने लिहायचे म्हटल्यावर ते कोसळतं. मग सगळे म्हणतात, "मराठी ठीक आहे, फक्त इंग्रजी कच्चं." मराठी वाचताना घड्याळ लावून बघा, तिथेही दिसेल.

देवनागरीच्या स्वतःच्याही अवघड जागा आहेत. अक्षरांची संख्या मोठी, बाराखडी आणि जोडाक्षरं धरली तर शेकड्यांनी. 'कि' लिहिताना वेलांटी आधी, उच्चारताना 'क' आधी. 'र' तर चार वेश घेतो: सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या.

आकडेमोड

गणिताचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. 'पंचवीस' म्हणताना आपण पाच आधी म्हणतो, लिहिताना २ आधी. डिस्लेक्सियाच्या मुलाला हे उलटसुलट फार छळतं. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला! मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं, सगळ्यांसाठी नको असेल तर नको, पण ज्या मुलाला गरज आहे त्याला ती पायरी म्हणून द्यायला काय हरकत आहे?

बाई, तुमच्या कन्नड मुलाचे दोन अंकी आकडे तपासा. कन्नडमध्ये 'इप्पत्तैदु', म्हणजे वीस आधी, पाच मागून. 'पंचवीस' ऐकून त्याने ५२ लिहिलं तर ऐकलं त्या क्रमाने लिहिलं असेल.

पालघर_परिसर

पहिलीपासून हिंदीसकट तीन भाषा लादायचं २०२५ मध्ये जे चाललं होतं ते अशा मुलांसाठी किती घातक ठरलं असतं! त्याचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले ते बरं झालं.

विरार_फास्ट

घातक कसं? आत्ताच वर सांगितलं ना की जास्त भाषांनी अक्षमता होत नाही? मग हिंदी आली तर बिघडलं कुठे?

निळी_होडी

बोलायला भाषा शिकणं वेगळं आणि पहिलीत नवी भाषा वाचायला-लिहायला लावणं वेगळं. पहिलं कितीही होऊ दे. दुसऱ्यासाठी आधी एका लिपीत पाय टेकायला हवेत, आणि अडचण असलेल्या मुलाला त्याला जास्त वेळ लागतो.

संपादक मंडळ

त्रिभाषा सूत्रावर वेगळा धागा आहे, कृपया तिकडे लिहावे. इथे मूळ विषय चालू द्या.

सावंतवाडीची_आई

प्रमाणपत्राबद्दल लिहिते. इथे अनेकांना लागेल.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता हा प्रकार आला, १९९५ च्या कायद्यात तो नव्हता. त्याच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे आठ वर्षांखालच्या मुलाला प्रमाणपत्र देत नाहीत, आणि पुढे चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते. राज्य मंडळाच्या परीक्षांत प्रमाणपत्र असेल तर तासाला २० मिनिटं जादा वेळ, लेखनिक, भाषाविषयात सवलत अशी मदत मिळते. मुलीच्या वेळी आम्ही मुंबईला शीव रुग्णालयात गेलो होतो, रात्रीची कोकणकन्या पकडून. आपल्याच जिल्ह्यात कुठे सोय झाली आहे का, याची चौकशी आधी जिल्हा रुग्णालयात आणि तालुक्याच्या गट साधन केंद्रात (शिक्षण विभागाच्या) करा, मग तिकिटं काढा.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. चाचणी घेणाऱ्याला पहिल्या भेटीत स्पष्ट सांगा की मूल घरी काय बोलतं, शाळेत काय वाचतं, आणि किती वर्षं. माझ्या मुलीची शब्दसंग्रहाची चाचणी एके ठिकाणी इंग्रजीतून सुरू केली होती, का तर शाळा इंग्रजी माध्यमाची. ती 'फणस', 'करवंद', 'माड' सगळं जाणते, आणि तिला विचारत होते बर्फावरून घसरायच्या गाडीचं चित्र. मी थांबवलं आणि मराठीतून घ्यायला लावलं.

पेणचा_बाप

सावंतवाडीच्या ताई, माध्यमाचं काय केलंत? मुलगा दुसरीत, इंग्रजी माध्यम, घरी मराठी. शाळा म्हणते मराठी माध्यमात घाला. वडील म्हणतात सगळा गाव हसेल.

सावंतवाडीची_आई

आम्ही चौथीत बदललं. हसणारे हसले. मुलीला विज्ञानातलं काय चाललंय ते कळायला लागलं. वाचन अजूनही हळू आहे, ते माध्यम बदलून जात नाही, हे मनाशी पक्कं करून मगच बदला. गावाच्या हसण्याचं उत्तर मुलाच्या गृहपाठाच्या वेळी मिळेल तुम्हाला.

निळी_होडी

@पेणचा_बाप, बदलायचंच असेल तर दुसरी ही योग्य वेळ. पण आधी तपासणी करून घ्या. मराठीतून तपासायला साधनं आहेत. राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली 'डाली' ही चाचणी २०१५ मध्ये आली, ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे. त्यात शिक्षकांसाठी प्राथमिक चाळणीही आहे, पहिली-दुसरीसाठी वेगळी आणि तिसरी ते पाचवीसाठी वेगळी. चाळणी म्हणजे निदान नव्हे, पण कोणाला पुढे पाठवायचं हे कळतं. राजापूरच्या बाई, कन्नड आहे हे मुद्दाम सांगतेय.

आता उद्यापासून वर्गात काय. सारखी दिसणारी अक्षरं एकाच आठवड्यात शिकवू नका. घ-ध, भ-म, ब-व, थ-य. एक पक्कं होऊ दे, मग दुसरं. अक्षर म्हणत म्हणत बोटाने ताटातल्या रेतीत मोठं गिरवायचं, डोळे मिटून पुन्हा गिरवायचं. गिरवताना तोंड बंद असेल तर अर्धा उपयोग जातो. वेलांटी-उकारांना एक रंग, मूळ अक्षराला दुसरा. जोडाक्षर आयतं दाखवण्याऐवजी मुलाकडूनच बांधून घ्या: 'च', मग अर्धा 'क', मग त्याला 'र', आता म्हण 'चक्र'.

नवा धडा घेण्याच्या आदल्या दिवशी त्यातले अवघड शब्द मुलाला घरच्या भाषेत कळलेत का ते बघा. धडा आधी ऐकू द्या, मग वाचायला द्या. ऐनवेळी उभं करून वाचायला लावू नका. त्याचा उतारा आदल्या दिवशीच ठरवून घरी द्या. फळ्यावरून उतरवून घ्यायचं काम निम्म्यावर आणा, उत्तर तोंडी घ्या. आणि मुलाला कन्नड वाचता येत असेल तर ते थांबवू नका. कन्नडही बाराखडीचीच लिपी आहे, तिथे बसलेली मात्रा इथे उपयोगी पडते.

हर्णै_बंदर

गंभीर चर्चेत एक गंमत. आमच्या शाळेत पहिलीच्या पोराला बाईंनी 'मासा' लिहायला सांगितलं. पोराने पाटी खाली ठेवून विचारलं, "बाई, कंचा?" बाईंनी विचारलं, "म्हणजे?" तर म्हणाला, "नाव कलल्याबिगर कसा लिव्हू?"

मिरगाचो_पावस

हर्णैकर, ह्या पोराक शंभरपैकी शंभर!

राजापूरची_बाई

सगळ्यांचे आभार. दरम्यान जे केलं ते लिहिते.

कन्नड मुलाच्या सातवीतल्या बहिणीला मधल्या सुट्टीत बसवलं. त्याला घरापासून शाळेपर्यंतची वाट सांगायला सांगितली. तो उभाच राहिला. खाणीवरचं यंत्र, चिरा कापतानाचा आवाज, ट्रक चिखलात रुतला तो प्रसंग, सगळं हातवारे करून. बहीण त्याचं मराठीत करून सांगता सांगता हसत होती, कारण तो ड्रायव्हरच्या शिव्याही सांगत होता. टाळ्यांचा खेळ पहिल्या झटक्यात. 'टपिलू' वगैरे शब्द स्वच्छ. दोन अंकी आकडे मात्र उलटे, आकडेमोड यांनी सांगितलं तसेच. 'क-ख'चा हाताचा खेळ त्याला इतका आवडला की आता तो सगळ्यांच्या तोंडासमोर हात धरत फिरतो. कन्नड वाचायला तो अजून शिकलेला नाही, म्हणून खात्रीने काही म्हणत नाही, चाळणी करून घेणारच.

गावातल्या मुलाबरोबर तेच खेळ त्याच्याच बोलीत घेतले. आजी शेजारी होती. 'कमळ'मधला 'क' काढ म्हटलं तर तो म्हणाला, "कमळच." पुन्हा विचारलं, "फूल." टाळ्या शब्दाला एकच. आजीने आपणहून सांगितलं की याच्या बापालाही पत्र वाचता येत नसे, शाळेला जातो म्हणून निघायचा आणि पऱ्ह्यावर (ओढ्यावर) बसून राहायचा. मुलाचे कान तपासून आणले, ठीक आहेत. त्याला गट साधन केंद्रातून पुढे पाठवायचा अर्ज मुख्याध्यापकांच्या सहीने गेला आहे. 'आळशी' हा शब्द आमच्या शिक्षक खोलीत आता कोणी त्याच्यासाठी वापरत नाही, कारण आजीचं बोलणं मुख्याध्यापकांनी स्वतः ऐकलं.

पालकसभेत घरच्या भाषेबद्दल बोलले. खाणीवरच्या एका आईने विचारलं, मग आम्ही काय करायचं? रात्री झोपताना गोष्ट सांगा, तुमच्या भाषेत, एवढंच सांगितलं.

एक काळजी आहे. पाऊस लागला की खाणी बंद होतात आणि ही कुटुंबं गावी जातात. तो मुलगा पुन्हा इथेच येईल याची शाश्वती नाही.

आगरी_पोर_उरण

शिक्षण हमी कार्ड द्या, स्थलांतर करणाऱ्या मुलाचं शिक्षण दुसऱ्या गावच्या शाळेत चालू राहावं म्हणून असतं ते. आमच्याकडे वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी मुलांना देतो. त्यासोबत वेगळ्या कागदावर लिहून द्या: काय येतं, कशाने जमतं, कशाने बिचकतो. पुढच्या शिक्षकाला नुसती इयत्ता कळून काही होत नाही.

दाभोळखाडी_उर्दू

मी वरच्या मुलीवर टाळ्यांचा खेळ कोकणीत घेतला, ती अडते. म्हणजे पुढे पाठवावं लागेल. पण 'डाली'त उर्दू नाही ना?

निळी_होडी

मी वर लिहिलेल्या चार भाषांत उर्दू नाही. तुमच्या मुलीला मराठी वाचता येतं, तर मराठीची चाळणी घ्या. सोबत तुम्ही जेर-जबर घालून आणि न घालता वाचून घेतलेला एकेक उतारा जोडा, वेळ लिहून. तपासणाऱ्याला त्यातून पुष्कळ कळेल.

जत_सीमेवरचा

राजापूरच्या बाई, मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्याकडे उलटा प्रकार, शाळा कन्नड आणि काही मुलांच्या घरी मराठी. पहिली-दुसरीचे सोपे कन्नड उतारे आणि अक्षरतक्ता माझ्याकडे आहेत, पाठवतो. मुलगा पावसाळ्यात गावी जाणार असेल तर त्याच्या गावाचं नाव कळवा. विजापूर आम्हाला लांब नाही, तिकडच्या शाळेत ओळखीचे शिक्षक निघतील, तुमचा कागद कन्नडमध्ये करून त्यांच्या हातात देता येईल.

राजापूरची_बाई

सर, लगेच व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. गावाचं नाव बहिणीकडून नीट लिहून घेतलं आहे, तालुक्यासकट. कागद आज रात्री मराठीत लिहून पाठवते. आकड्यांचं आणि 'ख-घ'चं त्यात टाकलंय, आणखी काय हवं ते सांगा.